एक टप्पा आऊट

आमच्या उपनगर जिल्ह्यात दर वर्षी बेसबॉलची निवड स्पर्धा भरते, असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "म्हणजे ते अमेरिकेत खेळतात तेच का?" तेच. "आणि इथे कोण खेळतं?" मुलुंडचे खेळतात, बोरिवलीचे खेळतात, अंधेरीचे खेळतात आणि आम्ही घाटकोपरचे खेळतो. "आणि तुम्ही काय करता?" मी स्कोअर लिहिते. इथपर्यंत आलं की समोरच्याची उत्सुकता संपलेली असते आणि तो क्रिकेटवर घसरतो. पूर्वी मला राग यायचा. आता मीही निमूटपणे क्रिकेटवर बोलते, कारण या शहरात क्रिकेट आवडत नाही असं कुणी म्हटलं तर लोक त्याची तब्येत विचारतात.

या स्पर्धेचा इतिहास कुठे छापलेला नाही. मला माहीत आहे तो एवढाच, की एका शाळेतले पी.टी.चे सर कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना ग्लव्ह्जनी भरलेली पिशवी आणि नियमांचं पुस्तक घेऊन आले. ते पुस्तक वाचून त्यांनी आधी स्वतःच्या शाळेला छळलं, मग शेजारच्या शाळांना, मग कॉलेजांना. क्रिकेटच्या निवडीतून गळलेली पोरं ते मैदानाच्या फाटकावरच गाठायचे. "तिकडे नाही म्हणाले ना? इकडे ये." आमच्या स्पर्धेतले निम्मे जुने खेळाडू असेच फाटकावर सापडलेले आहेत. मीही कॉलेजात सॉफ्टबॉल खेळताना त्यांच्या तावडीत आले. गुडघा गेला तेव्हा घरी बसेन असं वाटलं होतं, पण सरांनी हातात पेन्सिल दिली. तेव्हापासून दिवसा अंधेरीला एका कुरिअर कंपनीत हिशेब लिहिते आणि थंडीतल्या रविवारी मैदानावर स्कोअर.

सुरुवातीची वर्षं मी पाहिली नाहीत, पण सरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहेत की पाहिल्यासारखीच आहेत. वाळू भरलेल्या सिमेंटच्या गोण्या हे बेस. रेषा मारायला फक्की कबड्डीवाल्यांकडून मागून आणलेली. आणि खेळणारे सगळे हाडाचे क्रिकेटवाले. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. आमचे गडी बॅट घेऊन पळायचे. पहिल्या बेसजवळ आले की कमरेत वाकून बॅट पुढे टेकवायचे आणि अंपायरने आऊट दिलं की भांडायला उभे राहायचे, "बॅट आत होती ना!" सरांनी समजावून समजावून घसा बसवून घेतला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हणे त्यांनी एक मोसम बॅटला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक खुंटीला अडकवलं होतं. हे खरं की सरांनी रचलेलं ते मला ठाऊक नाही. सर गोष्ट रंगवायला कमी करत नाहीत.

आकडेवारीचं म्हणाल तर ती मी सांभाळते आणि तिच्यावर माझा जीव आहे. पण आमचे आकडे नुसते वाचून उपयोग नाही, कुठल्या मैदानावरचे ते आधी विचारावं लागतं. एका वर्षी सगळे सामने अंधेरीला झाले. तिथली कंपाउंडची भिंत इतकी जवळ की जो तो चेंडू भिंतीपार घालवून होमरन मारत सुटला आणि स्वतःला शूर समजायला लागला. पुढच्या वर्षी बोरिवलीच्या मोकळ्या मैदानावर त्याच शूरांचे तेच फटके आरामात पकडले गेले. म्हणून मी सामन्याच्या वर मैदान लिहिते आणि भिंत कुठल्या बाजूला तेही लिहिते. शिवाय मैदान कधीच आमच्या एकट्याचं नसतं. आजूबाजूला क्रिकेटचे सामने चालू असतात, त्यांचे खेळाडू आमच्यात आणि आमचे त्यांच्यात. एकदा शेजारच्या सामन्यातल्या मिडविकेटने आमचा उंच उडालेला चेंडू झकास पकडला आणि जोरात अपील केलं. कुणाकडे केलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या फटक्याचं काय लिहायचं यावर तेव्हा बराच खल झाला होता.

आता एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बॅट्समनने चेंडू मारला आणि तो पहिल्या बेसला सुखरूप पोचला, तर स्कोअररला ठरवावं लागतं की हा त्याच्या फटक्यामुळे पोचला की कुणाच्या चुकीमुळे. फटक्यामुळे पोचला तर ती हिट. मारणाऱ्याच्या खात्यात जमा आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या नावाला डाग. फील्डरच्या चुकीमुळे पोचला तर ती एरर. मग डाग फील्डरला, पिचर मोकळा. आणि चूक कुठली मोजायची, यावर सरांनी मला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलं होतं, "हाताची चूक लिहायची, डोक्याची नाही." हातातून चेंडू सुटला, भलतीकडे फेकला, पायाखालून गेला, तर एरर. पण गडी गोंधळला, विसरला, भलतंच समजून बसला, तर ती एरर नाही. डोक्यात काय चाललं होतं हे स्कोअररने कसं पाहायचं, असं सर म्हणायचे. हे मला तेव्हा फार न्यायाचं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

माझा भाऊ पिचर आहे. माझ्याहून लहान, तिशी ओलांडलेला, डावखुरा. मुलुंडला एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. तोही फाटकावरच सापडलेला. क्रिकेटमध्ये तो बॉलिंग टाकायचा, पण कोपर वाकायचं. "हा फेकतो" म्हणून प्रत्येक अंपायरने त्याला हाकललं. सरांनी ते ऐकलं आणि त्यांना लॉटरी लागल्याचा आनंद झाला, कारण आमच्या खेळात फेकणं हेच तर काम. त्या दिवसापासून तो फेकतोच आहे.

बाबा गेल्यापासून घरात आई, तो आणि मी. आई मालवणकडची. बाबांची गिरणी बंद पडल्यावर आम्ही घाटकोपरला आलो, त्यालाही आता जमाना झाला, पण आईचं बोलणं अजून गावच्या पाणंदीतच आहे. बेसबॉल म्हणजे काय ते तिने कधी विचारलं नाही. मुलगा रविवारी मळका होऊन येतो आणि मुलगी उन्हाने काळी होऊन येते, एवढंच तिला माहीत.

भावाला एकच हवं होतं. जिल्ह्याच्या संघात निवड. आमची स्पर्धा असते ती त्यासाठीच. सगळे संघ आपापसांत खेळतात आणि त्यातून निवड समिती जिल्ह्याचा संघ काढते, तो राज्य स्पर्धेला जातो. संघात असेल त्याला जिल्ह्याचा ट्रॅकसूट मिळतो, पाठीवर जिल्ह्याचं नाव असलेला. राखीव खेळाडूला मिळत नाही. माझा भाऊ कायम राखीव. दर वर्षी त्याच्यापुढे दुसरे दोन डावखुरे असायचे, एक बोरिवलीचा, एक अंधेरीचा, दोघेही उंच. समितीला उंच पिचर आवडतात. माझ्या आकड्यांत माझा भाऊ त्या दोघांच्या मागे नव्हता, पण समिती आकडे बघत नाही, बघते उंची. मी एकदा तोंडावर बोलले होते. "तू बहीण आहेस त्याची," असं उत्तर मिळालं.

गेल्या मोसमाच्या आधी त्याचा खांदा गेला. दिवसभर वाकून काचा घासायच्या आणि संध्याकाळी फेकायचं, हाडं किती दिवस ऐकतील? डॉक्टरने सांगितलं, आता पुरे. त्याने डॉक्टरशी एका मोसमाची घासाघीस केली. घरी येऊन मला म्हणाला, "ताई, हे शेवटचं. या वेळी घेतलं तर घेतलं, नाहीतर ग्लव्ह माळ्यावर." हे तो हसत म्हणाला. हसताना खांदा दाबत होता.

शेवटचा सामना मुलुंडला, डोंगराच्या बाजूच्या मैदानावर. आम्ही आणि बोरिवली. आमचा तिसऱ्या बेसवरचा नेहमीचा गडी चुलत बहिणीच्या हळदीला गेला होता. लग्नसराईच्या दिवसांत स्पर्धा ठेवली की हे असं होतंच, पण मैदान तेव्हाच मिळतं. त्याच्या जागी एक नवा गडी उभा केला, असल्फ्याच्या डोंगरावर वस्तीत राहणारा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा. अंगाने दणकट, वागायला गरीब. चेंडू त्याच्या हातात गेला की चिकटायचा. बेसबॉल खेळायला लागून त्याला जेमतेम महिना झाला होता, पण गल्लीतलं क्रिकेट जन्मापासूनचं.

त्या दिवशी भाऊ काय फेकत होता! मी त्याचे इतके सामने लिहिलेत, पण असं पाहिलं नव्हतं. बोरिवलीवाले येत होते, हवेत बॅट फिरवत होते आणि परत जात होते. कुणी मारलाच तर चेंडू मरगळल्यासारखा जमिनीवरून जायचा आणि आमचं कुणीतरी उचलून, मारणारा पोचायच्या आत, पहिल्या बेसला फेकायचं, की तो आऊट. अर्धा सामना झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोरिवलीच्या हिटचा रकाना रिकामा आहे. मी कुणाला बोलले नाही. पण माझ्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत सर बसले होते. निवृत्त झाल्यावर ते निवड समितीचे प्रमुख झालेत आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं जरा जास्तच दिसतं. ते माझ्या खांद्यावरून डोकावले.

"कोरा आहे गं," ते म्हणाले.

एकही हिट न देता पिचरने अख्खा सामना काढला, तर सर त्याला कोरा सामना म्हणतात. आमच्या स्पर्धेत तो कधीच झाला नव्हता. मी लिहायला लागल्यापासून नाही आणि सरांच्या आठवणीत तर मुळीच नाही.

"कोरा गेला तर याला घ्यावंच लागेल," सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. "मग कुणी उंचीबिंची काढू दे. मी बघतो कोण नाही म्हणतो ते."

त्यानंतरचा सामना मी कसा लिहिला ते माझं मला ठाऊक. पेन्सिल घामाने सटकत होती. देवाला सांगावं तर स्कोअररने एका बाजूसाठी देवाला सांगणं बरं दिसत नाही. मी सांगितलं. घरच्या वेतोबाला सांगितलं, गाऱ्हाणं घातलं अगदी.

शेवटची इनिंग आली. आम्ही चांगले पुढे होतो, जिंकण्याचा प्रश्न नव्हता. दोन गडी बाद झाले. एकच उरला. बोरिवलीचा तो पोरगा बारीक, पण पळायला चपळ. भावाने फेकला, त्याने कसाबसा बॅटच्या टोकाने मारला. चेंडू तिसऱ्या बेसच्या पुढ्यात जमिनीवर आपटला आणि उंच उडाला. असल्फ्याचा आमचा गडी धावत पुढे आला आणि हवेतच, एका हाताने, सुंदर पकडला. चेंडू हातात, बॅट्समन अजून अर्ध्या वाटेत. आता फक्त पहिल्या बेसला फेकायचं. फेकला की सामना संपला, कोरा.

त्याने फेकला नाही. त्याने बोट आभाळाकडे केलं, "आऊट!" म्हणून ओरडला आणि दोन्ही हात पसरून माझ्या भावाला मिठी मारायला धावत सुटला.

"अरे फेक! फर्स्टला फेक!" सगळे ओरडत होते.

"घेतला ना! एक टप्पा!" तो धावता धावता म्हणाला. तोवर बोरिवलीचा पोरगा पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला होता.

ज्यांचं लहानपण मोठ्या मैदानावर गेलंय त्यांना हे कळणार नाही. वस्तीतली गल्ली दोन माणसं कशीबशी जातील एवढी. उंच मारलं की चेंडू पत्र्यावर, आणि पत्र्याखाली कुणाचं तरी तान्हं झोपलेलं. म्हणून तिथला कायदा असा, की एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने धरला तरी मारणारा आऊट. घाटकोपरला आमच्या जुन्या चाळीच्या बोळातही हाच कायदा होता. माझा भाऊ त्यावरच वाढला, मीही. या माणसाच्या अंगात तो लहानपणापासून मुरलेला. महिनाभर त्याने आठवणीने नवे नियम पाळले, आणि सगळ्यात मोठ्या क्षणी आनंदाच्या भरात जुना कायदा अंगातून बाहेर आला. त्याच्या हिशेबाने त्याने माझ्या भावाला जिंकून दिलं होतं.

मग हळूहळू सगळे आमच्या टेबलाकडे बघायला लागले. हिट की एरर?

"थांब पोरी," सर म्हणाले. "घाई करू नकोस. एरर आहे ही."

"सर, चेंडू त्याने स्वच्छ पकडला."

"फेकला नाही ना पण! फेकला असता तर आऊटच होता."

"गोंधळला म्हणून फेकला नाही. डोक्याची चूक लिहायची नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं तेव्हा असं काही होईल हे कुणाला ठाऊक होतं?" सर कळवळून म्हणाले. "लिही गं एरर. कोण बघायला येतंय?"

खरं तर वाद घालायला जागा होती. नियम सरळ वाचला तर हिट, थोडा ताणला तर एरर. दुसऱ्या कुणी ताणला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण मी बहीण होते. मी ताणला असता तर तो फक्त ताणलेला नियम राहिला नसता. आणि तो कोरा सामना मला खरा हवा होता, फार हवा होता. माझ्या हातचा नको होता. मी मान खाली घातली आणि हिट लिहिली. लिहिताना रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर रागही येत होता. सर खुर्ची थोडी बाजूला सरकवून बसले.

पुढचा गडी भावाने तीन चेंडूंत घरी पाठवला. आम्ही जिंकलो, चषक मिळाला, फोटो निघाले. तोपर्यंत असल्फ्याच्या त्या माणसाला कुणीतरी सगळं समजावून सांगितलं होतं. तो फोटोला उभाच राहिला नाही. टेबलाशी आला आणि ग्लव्ह छातीशी धरून म्हणाला, "ताई, माझ्या नावावर लिहा ना चूक. माझीच आहे. मला काय फरक पडतो?"

"तसं लिहिता येत नाही हो," मी म्हणाले.

"असं कसं? मी स्वतः सांगतोय ना."

तेवढ्यात मागून भाऊ आला, त्याच्या खांद्यावर हात टाकला. "सोड ना यार," तो म्हणाला. "टप्पा आऊटच होता तो. आमच्या चाळीत आऊटच दिला असता." आणि त्याला घेऊन उसाच्या रसाच्या गाडीकडे गेला. माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही.

घरीही बोलला नाही. बोलायचं असेल ते आईमार्फत. "आई, तिला सांग चावी घेऊन जायला." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. आई बिचारी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची आणि निरोप पोचवायची.

इकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळंच चाललं होतं. कुणीतरी मोबाइलवर तो प्रसंग टिपला होता. तो सगळ्यांनी शंभरदा पाहिला आणि मग एका दीडशहाण्याने त्यावर मतदान ठेवलं, हिट की एरर. एररला भरघोस मतं पडली. बोरिवलीवाल्यांनीसुद्धा एररला दिली, हे मला फार लागलं, कारण हिट त्यांच्या पोराची होती. मतदानाने नियम बदलत नाहीत असं मी टाइप केलं, आणि पुसून टाकलं. भावाने मत दिलं नव्हतं. मी दर थोड्या वेळाने उघडून बघत होते.

पुढच्या रविवारी सरांनी मैदानावर माइकवरून जिल्ह्याचा संघ सांगितला. पिचरमध्ये बोरिवलीचा, अंधेरीचा, मुलुंडचा एक नवा. मग "राखीव" म्हणाले आणि माझ्या भावाचं नाव घेतलं. त्याने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसाठी वाजवल्या, स्वतःच्या नावालाही वाजवल्या. नंतर सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मी भांडलो गं. पण दाखवायला हातात काही नव्हतं." मला त्यांचीही दया आली. मी त्यांना गाडीपर्यंत सोडून आले.

आम्ही दोघं एकाच रिक्षाने घरी आलो, तो त्याच्या बाजूने बाहेर बघत, मी माझ्या. आईने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि सोलकढी केली होती. निवड होणार म्हणून केली होती हे उघड होतं. आम्ही हातपाय धुऊन जेवायला बसलो. शेवटी आईने डाव खाली ठेवला.

"तुमचा दोघांचा काय बिनसला हा? माका कोण सांगीत काय?"

मग मीच सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. एकाने मारला, दुसऱ्याने पकडला, फेकायचा तो फेकला नाही, आणि मी हिट लिहिली.

"हिट म्हंजे बरी की वायट?" आईने विचारलं.

"मारणाऱ्याला बरी. टाकणाऱ्याला वाईट."

"टाकणारो म्हंजे ह्यो?"

"हो."

आई माझ्याकडे वळली. "मगे तू खंयच्या बाजून होतंस?"

आयुष्यात मला इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. स्कोअरर कुणाच्या बाजूने नसतो, हे मी आईला काय सांगणार? आणि ते खरं तरी कुठे होतं?

"तिला बोलू नकोस," भाऊ म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदा तो माझ्याबद्दल आईला निरोप न देता काही बोलला. "तिने बरोबर लिहिलं. हिटच होती ती. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग?" माझा आवाज चढला. एवढे दिवस कोंडलेलं सगळं एकदम वर आलं. "मग आठवडाभर तोंड कशाला फिरवून बसलायस? मला काय दगड समजतोस तू? मला नको होतं का? तुझ्यापेक्षा मला जास्त हवं होतं ते!"

"हिटचं नाही गं," तो म्हणाला. तो चिडला नव्हता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. "मी तिथे उभा होतो. सगळे तुझ्याकडे बघत होते, मीही तुझ्याकडेच बघत होतो. म्हटलं, ताई आता वर बघेल. बघेल आणि मग हवं ते लिहील. तू बघितलंच नाहीस. मान खाली घातलीस आणि लिहून टाकलंस. मी कुणीच नसल्यासारखं." त्याने रिकामा शिंपला उगाच ताटात फिरवला. "एकदा बघायचं होतंस ना माझ्याकडे."

मी घास खाली ठेवला.

"बघितलं असतं," मी म्हणाले, "तर मी एरर लिहिली असती."

त्याने माझ्याकडे बघितलं, नीट, बराच वेळ. मग त्याची हनुवटी हलली, लहानपणी हलायची तशी, आणि त्याने पटकन मान ताटात घातली. आईने काही न विचारता त्याच्या वाटीत सोलकढी ओतली. तो भात कालवायला लागला. भात केव्हाच कालवून झाला होता, तरी तो कालवत राहिला.